दुर्मीळ आजाराचं महागडं औषध: पैशांची सोय कशी करावी

डॉक्टर औषधाचं नाव लिहून देतात, किंमत कळते, आणि घरातले त्याच रात्री ठेवी मोडायच्या की घर विकायचं याचा हिशेब मांडायला बसतात. तो हिशेब चार दिवस बाजूला ठेवा. आधी ती रक्कम खरंच तेवढीच आहे का ते पाहायचं, मग कागद जमवायचे आणि पैसे मागायला सगळ्यात शेवटी बाहेर पडायचं. बहुतेक घरांत हा क्रम उलटा होतो.

रक्कम तपासा

डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा. हे औषध एकदाच घ्यायचं की जन्मभर? याला दुसरा पर्याय आहे का? आणि डोस वजनावर ठरतो का? तिसऱ्या प्रश्नाकडे लोक दुर्लक्ष करतात, पण त्यात खूप पैसे वाचू शकतात.

उदाहरणार्थ, गौशे आजारावरचं (एका एन्झाइमच्या कमतरतेमुळे शरीरात चरबीयुक्त पदार्थ साठत जाण्याचा जन्मजात आजार) इमिग्लुसरेज हे औषध पाहा. ते ४०० युनिटच्या कुपीत येतं आणि दर दोन आठवड्यांनी शिरेतून देतात. समजा, मूल २३ किलोचं आहे आणि डोस किलोमागे ६० युनिट ठरला आहे. म्हणजे एका वेळेला १३८० युनिट, साडेतीन कुप्यांपेक्षा थोडे कमी. दर वेळी चार कुप्या फोडल्या तर महिन्याला आठ लागतात आणि उरलेलं औषध टाकून द्यावं लागतं. एकदा चार आणि पुढच्या वेळी तीन दिल्या, तर महिन्याचे २८०० युनिट होतात. गरज २७६० ची. काम सात कुप्यांत भागलं! ही पळवाट नव्हे. महिन्याची एकूण मात्रा जवळपास तीच राहत असेल, तर कुपी वाया जाऊ नये म्हणून एखादा डोस थोडा कमीजास्त करता येतो, असं या औषधाच्या माहितीपत्रकातच म्हटलं आहे. मात्र प्रत्येक औषधाला ही मुभा नसते. त्यामुळे निर्णय डॉक्टरांचाच, घरी बसून गणित करून डोस बदलायचा नाही.

स्वस्त आवृत्ती आली आहे का?

ही औषधं महाग असण्यामागे कायद्याचाही हात आहे. रुग्ण मोजकेच, म्हणून कंपन्यांनी संशोधनाकडे वळावं यासाठी त्यांना ठरावीक काळ बाजारात मक्तेदारी दिली जाते. अमेरिकेत १९८३ च्या कायद्याने ती ७ वर्षं मिळते, युरोपीय संघात २००० पासून १० वर्षं. ही मुदत आणि पेटंट संपलं की दुसऱ्या कंपन्यांना वाट मोकळी होते. टायरोसिनेमियावरचं निटिसिनोन, फेनिलकीटोनुरियावरचं सॅप्रोप्टेरिन (हे दोन्ही शरीराला प्रथिनांतले काही घटक नीट पचवता न येण्याचे जन्मजात आजार), गौशेवरचं मिग्लुस्टॅट ही औषधं आता जेनेरिक रूपातही आहेत. रक्ताच्या काही दुर्मीळ आजारांवरच्या एक्युलिझुमॅबच्या बायोसिमिलरना (मूळ जैविक औषधाशी जवळजवळ जुळणाऱ्या, दुसऱ्या कंपन्यांच्या औषधांना) युरोपात २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. ब्रँडच्या नावाने शोधलंत तर यातलं काहीच दिसणार नाही. औषधाचं मूळ (जेनेरिक) नाव लिहून घ्या आणि ते घेऊन औषधविक्रेत्याकडे जा.

फाइल तयार करा

पुढचा प्रत्येक दरवाजा या फाइलवरच उघडतो. निदानाचा अहवाल (जनुकीय किंवा एन्झाइम चाचणीचा असेल तर तोच), आतापर्यंत काय उपचार झाले आणि ते का पुरले नाहीत, डॉक्टरांचं पत्र, वर्षाच्या खर्चाचा अंदाज आणि उत्पन्नाचे पुरावे, एवढं तिच्यात हवं.

डॉक्टरांचं पत्र ‘रुग्णाला औषधाची गरज आहे’ एवढ्या एका ओळीचं असेल तर त्याचा उपयोग शून्य. औषध दिलं तर काय सुधारेल, नाही दिलं तर किती काळात काय बिघडेल, आणि सुधारणा कोणत्या चाचणीने मोजणार, हे त्यात स्पष्ट यायला हवं. आजाराचा कोडही नीट घाला. आयसीडी-१० च्या (जागतिक आरोग्य संघटनेच्या आजार-वर्गीकरणाच्या) मूळ यादीत गौशे आणि फॅब्री हे दोन वेगळे आजार ई७५.२ या एकाच कोडखाली येतात. म्हणून सोबत ऑर्फानेट या दुर्मीळ आजारांच्या माहितीकोशाचा क्रमांक द्यावा: गौशेचा ३५५, फॅब्रीचा ३२४. टेबलापलीकडच्या माणसाने हा आजार कधी ऐकलेला नसण्याचीच शक्यता जास्त.

विमा किंवा सरकारी योजना

अर्ज करा, आणि नकार आला तर तो लेखी मागा. तोंडी नकारावर अपील होत नाही. नकाराचं कारण नेमकं वाचा. ‘कागद अपुरे’ आणि ‘हे औषध योजनेत बसत नाही’ या दोन नकारांना दोन वेगळी उत्तरं लागतात. अपिलाची मुदत भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

कंपनी, चाचणी, संघटना

औषध बनवणाऱ्या बऱ्याच कंपन्यांच्या रुग्णसहाय्य योजना असतात. औषधाला अजून मंजुरी नसेल आणि दुसरा इलाज उरला नसेल, तर काही वेळा ते सहानुभूती तत्त्वावर, म्हणजे मंजुरीआधीच खास बाब म्हणून मिळतं. तो अर्ज मात्र डॉक्टरांनाच करावा लागतो, घरच्यांच्या ईमेलने सहसा काही हलत नाही.

क्लिनिकल चाचणीत (नवं औषध रुग्णांवर तपासून पाहण्याच्या अभ्यासात) चाचणीखालचं औषध बहुधा मोफत असतं. सही करण्याआधी तीन गोष्टी विचारून घ्या: प्लासिबो (औषधासारखं दिसणारं पण औषध नसलेलं द्रव्य) मिळण्याची शक्यता किती, प्रवासाचा खर्च कोण देणार, आणि चाचणी संपल्यावर औषध चालू राहील का. सुरू असलेल्या चाचण्या क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्ह या संकेतस्थळावर शोधता येतात. चाचणीत भाग घेण्यासाठी कुणी रुग्णाकडून मोठी रक्कम मागत असेल, तर आधी दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा.

रुग्णसंघटना शोधायला उशीर करू नका. हिमोफिलियाच्या (रक्त न गोठण्याच्या आजाराच्या) जागतिक महासंघाचा मोफत औषध देणारा मदत कार्यक्रम १९९६ पासून चालू आहे. सगळ्याच आजारांना असं छत्र नाही, पण छोट्या संघटनेतही कुणीतरी तोच अर्ज तुमच्याआधी भरलेला असतो.

लोकांकडून वर्गणी

एकदाच द्यायच्या उपचारासाठी ती चालते. जन्मभराच्या औषधाला नाही, दुसऱ्या वर्षी तीच माणसं परत देत नाहीत. पैसे शक्यतो थेट रुग्णालयाच्या खात्यात जाऊ द्या आणि रुग्णाचे वैद्यकीय अहवाल जसेच्या तसे सगळ्यांसमोर टाकू नका.

याच घाईत कुणीतरी ऑनलाइन अर्ध्या किमतीत औषध देऊ करतो. यातली बरीच इंजेक्शनं २ ते ८ अंश सेल्सिअसमध्येच ठेवावी लागतात. वाटेत ती किती तापली हे कुपीकडे बघून कळत नाही.

मदत मंजूर झाली की पहिल्याच दिवशी ती कधी संपते ते विचारा. नूतनीकरणाचा अर्ज त्याआधी तीन महिने द्या, आणि त्यासाठी लागणारी चाचणी त्याहून आधी करून घ्या.