गोव्याच्या हवेत बुलस्नेक आणि पाइन स्नेकची पैदास

या सापांच्या पैदाशीबद्दल जे वाचायला मिळतं, ते बहुतेक थंड देशांत राहणाऱ्यांनी लिहिलेलं असतं. त्यात जागोजागी हीटर, दिवे आणि उबेच्या पट्ट्या येतात. गोव्यात सगळं उलट आहे. इथे ऊब फुकट मिळते. पैसा, वीज आणि मेहनत लागते ती गारव्यासाठी आणि कोरडेपणासाठी. वर्षाचं सगळं वेळापत्रक यावरूनच ठरवायचं.

दोन्ही साप पिट्युओफिस या एकाच वंशातले, बिनविषारी, भक्ष्याला आवळून मारणारे. बुलस्नेक उत्तर अमेरिकेतल्या गवताळ मैदानांचा, दक्षिण कॅनडापासून उत्तर मेक्सिकोपर्यंत पसरलेला. पाइन स्नेक पूर्वेकडच्या रेताड पाइनवनांतला. न्यू जर्सीच्या पाइन बॅरन्समध्ये मादी रेतीत स्वतः बीळ खणून अंडी घालते, आणि सापांमध्ये असं खणणारे फार थोडे. खणण्याची ही सवय पिंजऱ्यातही सुटत नाही, म्हणून तळाला निदान ७-८ सेंटिमीटर भुसा हवाच.

कायद्याची बाजू आधी पक्की करा. भारतातला कुठलाही रानटी साप, मग ती अंगणातली धामण असली तरी, पकडून पाळणं वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ खाली गुन्हा आहे. परदेशी साप बाहेरून आणायचा तर विदेश व्यापार महासंचालनालयाचा परवाना लागतो आणि पशु-क्वारंटाइनमधून जावं लागतं. इथेच जन्मलेला साप घेत असाल तर आई-बापाची कागदपत्रं मागा, आणि पैसे देण्यापूर्वी वन खात्याकडून तुमच्या जातीला कोणती नोंदणी लागते ते लेखी विचारून घ्या. कागद नसलेला साप स्वस्त मिळाला तरी घेऊ नका.

दुसरी गोष्ट घोणशीची. बुलस्नेकच्या पिवळट-तपकिरी अंगावर गडद डाग असतात. घशाच्या तोंडाशी कूर्चेचा उभा पडदा असल्यामुळे त्याचा फुत्कार दुसऱ्या खोलीत ऐकू जातो. घोणसही डागांची, आणि तीही तशीच जोरात फुत्कारते. तुमचा साप निसटून शेजारच्या कुळागरात (पोफळीच्या बागेत) गेला तर लोक त्याला घोणस समजून मारतील. याहून मोठा धोका घरातल्या मुलांना आहे. डागांचा फुत्कारणारा साप काही करत नाही, अशी त्यांची समजूत झाली तर पावसाळ्यात चिऱ्यांच्या गडग्यात दिसलेल्या खऱ्या घोणशीला ती हात लावतील. पिंजऱ्याबाहेरच्या कुठल्याही सापाजवळ जायचं नाही, हे घरातल्या प्रत्येकाला पहिल्या दिवसापासून सांगा, आणि पिंजऱ्याला कुलूप ठेवा.

जोडी आणि पिंजरा

मादी निदान तीन वर्षांची, १२० सेंटिमीटरहून लांब आणि अंगाने भरलेली हवी. लवकर जोडी लावलेली मादी अंडी अडकून मरू शकते. नर दोन वर्षांचा चालतो. नर-मादी ओळखण्यासाठी गुदद्वारातून घालायची सळई जाणत्या माणसाकडूनच घालून घ्या. नरात ती शेपटीकडे साधारण आठ-दहा खवल्यांइतकी आत जाते, मादीत दोन-चार. जोर लावला तर इजा होते.

एका मोठ्या सापाला १२० × ६० सेंटिमीटरचा तळ द्या. प्लायवूड वापरू नका. एका पावसाळ्यात ते फुगतं, दार नीट लागत नाही आणि फटीतून साप जातो. पीव्हीसी बोर्ड किंवा फायबर टिकतं. एका टोकाला ३१-३२ अंश आणि दुसऱ्या टोकाला २४-२५ अंश हवेत. गोव्यात अवघड असतं ते थंड टोक. एप्रिल-मेमध्ये खोलीच ३३ अंशांवर जाते, मग सापाला पळायला जागाच उरत नाही. तो पाण्याच्या भांड्यात पडून राहतो, तोंड उघडं ठेवतो, खाणं सोडतो. म्हणून साप ठेवायची खोली लहान घ्या आणि तिथे एसी लावा. जून ते सप्टेंबर हवेतला ओलावा ८०-९० टक्क्यांवर असतो, सापांना ४०-५० टक्के पुरतो. भुसा ओला राहिला की पोटाचे खवले लालसर होतात, मग तपकिरी पडून कुजतात. नाकातून फेस किंवा श्वासाबरोबर शिट्टीसारखा आवाज आला तर फुप्फुसाला संसर्ग झाला आहे, पशुवैद्याला दाखवा. एसीच्या जोडीला डीह्युमिडिफायर (हवेतला ओलावा काढणारं यंत्र) असेल तर हे दोन्ही टळतं.

मुंग्या हा इथला जुना शत्रू. आजीच्या जाळीच्या कपाटासारखे रॅकचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा. डास होऊ नयेत म्हणून पाण्यात थोडं साबण टाका.

हिवाळा आपण करायचा

थंडीचा काळ काढल्याशिवाय हे साप नीट वीत नाहीत. नराचं वीर्य कमी पडतं, मादीची अंडी वांझ निघतात. गोव्यात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा २० अंशांच्या आसपास उतरतो, पण आपल्याला दोन-अडीच महिने सलग १२ अंश हवेत. त्यासाठी कॉम्प्रेसरवर चालणारा वाईन कूलर घ्या. पेल्टियर चिपवरचे स्वस्त कूलर खोलीच्या मानानेच थंड करतात, खोली २९ अंशांवर असेल तर १२ अंशांवर टिकत नाहीत. साधा फ्रिज फार थंड होतो, त्याला वेगळा थर्मोस्टॅट जोडावा लागतो.

नोव्हेंबरच्या मध्यावर शेवटचा घास, म्हणजे उंदीर, द्या. मग पंधरा दिवस काही देऊ नका, पण ऊब चालू ठेवा. पोट पूर्ण रिकामं होणं अत्यावश्यक आहे, कारण थंडीत न पचलेलं अन्न आतच सडतं आणि साप मरतो. विष्ठा झाल्याची खात्री करून मगच पुढे जा. डिसेंबरच्या सुरुवातीपासून दर दोन-तीन दिवसांनी दोन अंश खाली आणा. प्रत्येक सापाला भोकं पाडलेला वेगळा डबा, त्यात कोरडा भुसा आणि सांडणार नाही असं पाण्याचं भांडं. कूलरचं दार घट्ट बसतं, म्हणून रोज एकदा दोन मिनिटं उघडा. पाणी आठवड्याला बदला. आत सेन्सर ठेवून तापमान बाहेर दिसेल असं करा, कारण कूलरच्या दारावरचा आकडा बऱ्याचदा खोटा असतो.

डब्यात ठेवण्यापूर्वी वजन करा आणि दर पंधरवड्याला पुन्हा करा. दहा टक्क्यांहून जास्त घटलं तर त्या सापाला हळूहळू उबेत आणा. आजारी, कृश किंवा नुकत्याच आणलेल्या सापाला थंडीत ठेवूच नका.

फेब्रुवारीच्या मध्यावर आठवडाभरात तापमान वर न्या. पहिला घास नेहमीपेक्षा लहान द्या. मार्चभर मादीला दर पाच-सहा दिवसांनी खायला घाला, नराला थोडं कमी. मादीने कात टाकली की तिला नराच्या पिंजऱ्यात सोडा. नर तिच्या मानेला धरून ठेवतो. ते भांडण नसतं, सोडवायला जाऊ नका. रक्त निघालं तरच वेगळं करा. तीन-चार दिवसांच्या अंतराने पुन्हा पुन्हा भेट घडवा. दोघांनाही आधी खाऊ घाला आणि एकत्र असताना अन्न आत टाकू नका.

अंडी

मादी खाणं कमी करते, पोटाचा मागचा भाग जड होतो, आणि अंडी घालण्याआधी ती एकदा कात टाकते. त्यानंतर साधारण दहा ते चौदा दिवसांत अंडी येतात. कात पडल्या दिवशीच तिच्या वेटोळ्याला पुरेल असा झाकणाचा डबा ठेवा, बाजूला एक भोक आणि आत ओलसर स्फॅग्नम मॉस (पाणी धरणारं शेवाळ) किंवा कोकोपीट. हा डबा नसेल तर ती पाण्याच्या भांड्यात अंडी घालते आणि ती बुडून जातात. वर सांगितलेलं वेळापत्रक पाळलं तर अंडी मेअखेर ते मृगाच्या पावसापर्यंत येतात. बुलस्नेक बहुधा डझनभर, पाइन स्नेक त्याहून कमी पण मोठी अंडी घालते.

अंडी एकमेकांना चिकटतात. काही तासांत चिकटा सुकला की सोडवू नका, फाटतात. तो घड तसाच उचला, वरच्या बाजूला पेन्सिलीने खूण करा आणि ती बाजू पुढेही वरच राहील हे बघा. उलटलं तर आतला गर्भ मरू शकतो. हवाबंद खाऊच्या डब्यात व्हर्मिक्युलाइट (ओल धरणारं दाणेदार खनिज) घ्या. इतरत्र वजनाइतकं पाणी सांगतात, पण इथली हवा ओली आहे, म्हणून १०० ग्रॅमला ८० ग्रॅम पाणी पुरे. मुठीत दाबल्यावर थेंब पडला तर जास्त झालं. अंडी अर्धी पुरा. झाकण आठवड्यातून एकदा उघडून हवा बदला, झाकणावर साचलेलं पाणी पुसा.

आता तापमान. २७ ते २८ अंश ठेवलं की साधारण ६० ते ७० दिवसांत पिल्लं येतात. बाजारात मिळणारा साधा इन्क्युबेटर (अंडी उबवायची पेटी) फक्त तापवतो. खोली ३२ वर असेल तर तो बंद होऊन बसतो आणि अंडी ३२ वरच राहतात. त्यातून मणका वाकलेली पिल्लं निघतात किंवा पूर्ण वाढूनही अंड्यातच मरतात. उपाय सोपा आहे. खोलीचा एसी २५ अंशांवर लावा आणि त्या खोलीत थर्मोकोलच्या जाड पेटीत उबेची केबल घालून २७.५ अंश धरा. लाईट गेली तर जाड पेटी काही तास तग धरते. जून-जुलैत वीज जास्त वेळ जाते, म्हणून केबल आणि थर्मोस्टॅट इन्व्हर्टरवर ठेवा. दोन अंश खाली घसरलं तर काही दिवस उशीर होतो, वर चढणं मात्र घातक.

दहा दिवसांनी अंधारात टॉर्च लावून पाहा. लाल शिरा दिसल्या तर अंडं जिवंत आहे. पिवळं पडलेलं, मऊ, बुरशी धरलेलं अंडं सुटं असेल तर काढून टाका. घडात चिकटलेलं असेल तर राहू द्या, चांगलं अंडं बुरशीला बऱ्यापैकी तोंड देतं. सुरुवातीलाच खोलगट झालं तर कोरडं पडतंय, कडेने कोमट पाणी सोडा, अंड्यावर नको. शेवटच्या पंधरवड्यात खोलगट झालं तर काळजी नको.

पिल्लं

कवचाला चीर पडल्यावर पिल्लू एक-दोन दिवस डोकं बाहेर काढून आतच बसतं, कारण बलकाचा शेवटचा अंश पोटात ओढला जात असतो. बाहेर ओढलं तर नाळ तुटून रक्त जातं. पिल्लं ३० ते ४५ सेंटिमीटरची असतात आणि पहिल्याच दिवशी मोठ्यांसारखीच फुत्कारतात.

प्रत्येकाला वेगळा डबा द्या, नाहीतर एखादं दुसऱ्याला गिळेल. तळाला किचन पेपर, लहान पाण्याचं भांडं, लपायला पुठ्ठ्याची नळी. आठवडाभराने पहिली कात पडते, त्यानंतर खाणं. बुलस्नेकचं पिल्लू उंदराचं बिनकेसाचं पिल्लू घेतं, पाइन स्नेकचं पिल्लू लव आलेलं सहज गिळतं. दर पाच-सात दिवसांनी एक. खात नसेल तर घास पूर्ण कोमट करून रात्रभर लहान बंद डब्यात त्याच्यासोबत ठेवा. भिंतीवरच्या पाली खाऊ घालू नका, त्यांच्यातून जंत येतात. घास गोठवलेलेच ठेवा, पण लाईट जाऊन वितळलेले पुन्हा गोठवू नका, फेकून द्या.

बुलस्नेक आणि पाइन स्नेकचा संकर होतो आणि ती संततीही विते. तरी तो करू नका. दोन पिढ्यांत कुणाला सांगता येत नाही की हातातला साप नक्की काय आहे. प्रत्येक डब्यावर आई-बाप आणि जन्मतारीख लिहा.

जोडी लावण्यापूर्वीच प्रत्येक पिल्लाचं घर ठरवा. हे साप वीस वर्षंही जगतात. घर न मिळणारी अंडी पहिल्या एक-दोन दिवसांतच गोठवून टाका. पिल्लं मोलेच्या किंवा म्हादईच्या रानात सोडणं तर कधीच नको. स्पेनच्या ग्रान कॅनारिया बेटावर पाळीव कॅलिफोर्निया किंगस्नेक असेच सुटले आणि तिथल्या मोठ्या सरड्यांची संख्या कोसळली.

अंडी घातल्यावर मादीला दुसऱ्याच दिवशी लहान घास द्या, मग दर चार-पाच दिवसांनी. तिच्या पाठीचा कणा उठून दिसत असतो. नोव्हेंबरपर्यंत तिचं वजन गेल्या हिवाळ्याइतकं झालं नसेल तर ते वर्ष तिला जोडीला लावू नका.