ओठ आणि आवाज जुळत नसतील, तर आधी फाईल तपासा
मोबाईलवर चित्रित केलेला लांबलचक व्हिडिओ संपादनासाठी घेतला की कधीकधी सुरुवातीला आवाज नीट जुळतो, पण पुढे पुढे ओठ आणि शब्द यांच्यात अंतर पडत जाते. अशा वेळी आवाजाचा पट्टा अंदाजाने पुढेमागे सरकवत बसण्यापेक्षा ती फाईल 'मीडियाइन्फो' या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडावी आणि 'व्ह्यू' मेनूतून 'टेक्स्ट' निवडावे. फाईलच्या नावामागचे 'एमपी४' हे केवळ डब्याचे, म्हणजे चित्र आणि आवाज एकत्र ठेवणाऱ्या फाईल-प्रकाराचे, नाव असते. आतले चित्र एच.२६४ पद्धतीने संकुचित केले आहे की एचईव्हीसी, हे त्यावरून कळत नाही; ते या टेक्स्टमध्ये दिसते. (एखादीच फाईल जुन्या टीव्हीवर का चालत नाही, याचे उत्तरही बहुधा इथेच सापडते.)

त्याच टेक्स्टमध्ये 'फ्रेम रेट मोड' (सेकंदाला किती फ्रेम, म्हणजे स्थिर चित्रे, हा वेग स्थिर की बदलता) या ओळीसमोर 'व्हेरिएबल' म्हणजे बदलता असे दिसले, तर दोषाचे मूळ बहुतेक वेळा तेच असते. प्रकाश कमी झाला की अनेक फोन सेकंदाला ३० ऐवजी कमी फ्रेम टिपतात, आणि संपादनाची काही सॉफ्टवेअर मात्र हा वेग स्थिर आहे असे धरून चालतात. 'हँडब्रेक' या व्हिडिओ रूपांतराच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' (स्थिर वेग) निवडून नवी प्रत तयार करावी व तीच संपादनाला घ्यावी. मूळ फाईल पुसू नये, कारण पुन्हा संकुचित करताना दर्जा थोडा तरी घटतोच.

एकेका फ्रेमची वेळ आणि प्रकार पाहायचा असल्यास एफएफएमपेग या व्हिडिओ हाताळण्याच्या मोफत सॉफ्टवेअरसोबत येणारे 'एफएफप्रोब' वापरावे. मात्र ते कमांड लिहूनच चालवावे लागते.