जेली क्रिस्टलची पेयं: सरबत, सोडा, शेक आणि हलवून प्यायची जेली

जेलीचं पाकीट हातात घेतलं की आधी चव आणि रंग बघितला जातो. पेय करायचं असेल तर त्याआधी पाकिटाच्या मागची घटकांची यादी वाचा. पेय जमणार की पातेल्यात गुठळ्या होणार, हे त्या एका ओळीवर ठरतं.

आपल्याकडे किराणा दुकानात ‘जेली क्रिस्टल’ म्हणून मिळणारी बहुतेक पाकिटं शाकाहारी असतात. त्यांवर हिरवी खूण असते आणि यादीत कॅराजीनन किंवा नुसताच 407 हा आकडा असतो. हा पदार्थ समुद्री शेवाळापासून काढतात. सोबत कधी 410, म्हणजे लोकस्ट बीन गम (एका झाडाच्या बियांपासून काढलेला डिंकासारखा पदार्थ), असतो. परदेशातली पावडर मात्र बहुधा जिलेटिनची असते. न्यू यॉर्क राज्यातल्या ल रॉय गावात पर्ल वेट यांनी 1897 साली काढलेली जेल-ओ हे तिचं सगळ्यांत प्रसिद्ध उदाहरण. जिलेटिन जनावरांच्या कातडी-हाडांतून मिळतं, त्यामुळे घरात शाकाहार पाळत असाल तर अमेरिकेहून कुणी आणलेलं पाकीट नीट वाचूनच उघडा.

दोन्ही पावडरींत साखर, आंबटपणासाठी सायट्रिकसारखं ॲसिड, रंग आणि इसेन्स असले, तरी स्वभाव अगदी वेगळा. जिलेटिनची जेली सावकाश आणि फ्रीजमध्येच सेट होते, आणि साधारण 35 अंशांना वितळते, म्हणून ती तोंडात विरघळते. कॅराजीननची जेली पातेल्यातच, बाहेरच्या हवेतही सेट होते. ती तोंडात वितळत नाही, चावावी लागते. न्यू जर्सीतल्या मावशीने पाठवलेली कृती पुण्यात बिघडते ती यामुळेच. तिच्या कृतीत गरम पाण्यावर थेट बर्फ टाकायला सांगितलेलं असतं. जिलेटिन ते सोसतं. कॅराजीनन मात्र बर्फाला लागताच आकसतं, आणि पाण्यात जेलीचे दोरे तरंगायला लागतात.

पावडर विरघळवण्याची रीत सगळ्या पेयांना एकच. स्टीलच्या पातेल्यात पाणी खळखळून उकळा, गॅस बंद करा, एका हाताने ढवळत पावडर भुरभुरवा आणि पूर्ण दोन मिनिटं ढवळत राहा. चमच्याच्या पाठीवर एकही कण दिसता कामा नये. पाणी नुसतं कोमट असेल तर साखर विरघळते, रंगही छान उतरतो आणि सगळं झाल्यासारखं वाटतं. पण जेली धरणारा भाग तसाच तळाशी बसतो, कारण कॅराजीननला विरघळायला 80 अंशांच्या आसपास उष्णता लागते. पावडर घातल्यावर मात्र पुन्हा उकळत ठेवू नका. आंबट पाण्यात फार वेळ उकळलं की जेलीची पकड सैल होते. उकळतं पाणी थेट काचेच्या ग्लासात ओतू नका, ग्लास तडकतो. सब्जा, मीठ, लिंबू हे सगळं द्रावण कोमट झाल्यावर घालायचं.

सरबत

मुलांची वाढदिवसाची पार्टी असेल तर हे सगळ्यांत सोपं आणि स्वस्त. 90 ग्रॅमच्या एका पाकिटात दोन लिटर सरबत होतं, म्हणजे 200 मिलीचे दहा ग्लास. पाकिटावर जेलीसाठी जेवढं पाणी लिहिलेलं असतं (बहुधा 450 ते 500 मिली), त्याच्या साधारण चौपट हे पाणी आहे. एवढं पातळ केलं की जेली धरत नाही, पेयाला फक्त थोडा दाटपणा येतो.

एक लिटर पाणी उकळून त्यात पावडर आणि 120 ग्रॅम साखर विरघळवा. पावडरीत बरीच साखर आधीच असते, पण दोन लिटरला ती पुरत नाही. मग उरलेलं एक लिटर साधं पाणी बारीक धारेने, ढवळत ढवळत घाला. हे पाणी माठातलं किंवा नळाचं असावं, फ्रीजमधलं नको. दोन लिंबांचा रस आणि अर्धा छोटा चमचा मीठ घाला. मीठ विसरू नका, त्याशिवाय चव औषधी सिरपसारखी एकसुरी लागते. सरबत निवत असताना दर पाच-सात मिनिटांनी ढवळा. न हलवता ठेवलं तर शाकाहारी पावडरीची तळाशी सैल साय धरते. तसं झालंच तर गाळणीतून गाळा किंवा मिक्सरमधून एकदा फिरवा. पूर्ण निवल्यावरच फ्रीजमध्ये ठेवा आणि वाढताना बर्फ घाला.

लिंबू आणि संत्रं या चवींना चिमूटभर काळं मीठ आणि भाजलेली जिरेपूड छान लागते. स्ट्रॉबेरी-रासबेरीला ती अजिबात नको, तिथे भिजवलेला सब्जा घाला.

सोडा

इथे दोन पावडरींच्या वाटा पूर्ण वेगळ्या होतात.

जिलेटिनची असेल तर सिरप करता येतं. 85 ग्रॅमचं पाकीट 240 मिली उकळत्या पाण्यात विरघळवा आणि बाहेरच निवू द्या. उन्हाळ्यात ते बराच वेळ पातळ राहतं. घट्ट झालंच तर भांडं गरम पाण्यात ठेवा, पुन्हा सैल होतं. उंच ग्लासात तीन मोठे चमचे (45 मिली) सिरप घ्या, ग्लास तिरका धरून कडेने 200 मिली गार सोडा हळूहळू सोडा, आणि एकदाच, खालून वर ढवळा. जिलेटिन हे प्रथिन असल्याने फेस खूप धरतं, म्हणून ग्लास निम्मा रिकामा असतानाच थांबा, फेस बसू द्या, मग पुढचं ओता. झाल्याबरोबर प्या, फ्रीजमध्ये ठेवलं तर गॅस जातो आणि पेय दाट होतं.

शाकाहारी पावडरीचं असं सिरप होत नाही. एवढ्या कमी पाण्यात ती निवता निवताच दगडासारखी सेट होते. तिच्याशी झगडू नका, तिला सेट होऊ द्या. पाकिटावर सांगितल्यापेक्षा 50 मिली पाणी कमी घालून ताटलीत एक सेंटिमीटर जाडीचा थर ओता. सेट झाल्यावर काट्याने खरवडून बारीक चुरा करा. ग्लासात तीन-चार चमचे चुरा, वर लिंबाचा रस, एक चमचा साखरेचा पाक, आणि गार सोडा. बुडबुडे जेलीच्या कणांना चिकटतात, कण वर येतात, बुडबुडा फुटला की खाली जातात. मुलांना हे बघायलाच जास्त आवडतं. लाल आणि हिरवा चुरा एकाच ग्लासात घातला तर आणखी मजा.

कोरडी पावडर थेट सोड्यात मात्र कधीही टाकू नका. प्रत्येक कणाभोवती एकदम गॅस सुटतो, सोडा उतू जातो आणि पावडर न विरघळता तळाशी चिकट थर होऊन बसते.

हलवून प्यायची जेली

या सगळ्यांत हाच प्रकार सर्वांत रंजक. जपान-कोरियात अशी पेयं डब्यात आणि पाऊचमध्ये विकली जातात. घरी करणं अवघड नाही, फक्त पाण्याचं माप अचूक हवं: पाकिटावरच्या पाण्याच्या दीडपट, जास्तीत जास्त पावणेदोनपट. म्हणजे 500 मिली लिहिलं असेल तर 750 ते 875 मिली. यापेक्षा कमी पाण्यात जेली इतकी घट्ट होते की बाटली हलवून तुटत नाही. दुपटीच्या पुढे गेलात तर ती नीट धरतच नाही आणि हातात नुसतं दाट सरबत येतं.

500 मिली उकळत्या पाण्यात पावडर विरघळवा, मग उरलेलं साधं पाणी मिसळा. पाणी वाढलं तशी चव फिकी होते, म्हणून दोन मोठे चमचे साखर आणि एका लिंबाचा रस घाला. कोमट असतानाच रुंद तोंडाच्या बाटल्यांत भरा, पण पाऊणच. वरचा पाव भाग रिकामा राहिला नाही तर हलवायला जागा राहत नाही. शाकाहारी जेली फ्रीजमध्ये दीड-दोन तासांत तयार होते, जिलेटिनला चार ते सहा तास लागतात. प्यायच्या आधी झाकण घट्ट लावून पाच-सहा वेळा जोरात हलवा. मोठे तुकडे हवे असतील तर तीनदाच. दहा-बारा वेळा हलवलं की सगळं एकजीव होतं आणि तुकडे तोंडाला लागत नाहीत. जाड स्ट्रॉ लागते.

जेली जास्त घट्ट झाली असेल तर बाटलीत अर्धी वाटी गार पाणी किंवा संत्र्याचा रस घालून हलवा. दुसऱ्या दिवशी जेलीभोवती पाणी सुटलेलं दिसेल. कॅराजीननचा तो स्वभावच आहे. तिला वास नसेल तर ती बिघडलेली नाही, हलवलं की पाणी मिसळून जातं.

लहान मुलांना जाड स्ट्रॉने जेलीचे मोठे तुकडे ओढायला देऊ नका. शाकाहारी जेली तोंडात वितळत नाही आणि घशात अडकू शकते. पाच वर्षांखालच्या मुलांसाठी जेली मिक्सरमधून काढा किंवा वाटीत चमच्याने भरवा.

दुधाचा शेक

जेलीचं दूध फाटतं अशी तक्रार हमखास ऐकू येते. कारण पावडरीतलं सायट्रिक ॲसिड. गरम दुधात आंबट पावडर टाकली की पनीरच होणार. म्हणून दूध नेहमी फ्रीजमधलं गार आणि आधी तापवून निवलेलं घ्या. दोन मोठे चमचे (साधारण 25 ग्रॅम) पावडर 100 मिली उकळत्या पाण्यात विरघळवा आणि कोमट होऊ द्या. 400 मिली गार दूध मिक्सरमध्ये फिरत ठेवून त्यात हे द्रावण बारीक धारेने सोडा. स्ट्रॉबेरी, रासबेरी, चेरी चालतात. लिंबू, संत्रं आणि अननस या जास्त आंबट चवी दुधाला नकोत.

कॅराजीननचं दुधातल्या प्रथिनांशी विशेष जमतं, त्यामुळे पाण्यात धरणार नाही एवढ्याशा प्रमाणातही दूध दाट होतं. हा शेक केल्यावर लगेच प्यायला तर मलईदार लागतो, तासाभराने चमच्याने खावा लागतो. एक गोळा व्हॅनिला आइस्क्रीम, सब्जा आणि उकडून गार केलेल्या शेवया घातल्या की घरचा फालुदा तयार. त्यात जेलीचे चौकोन घालायचे ते वेगळे, नेहमीच्या मापाने सेट केलेले घाला.

गरम पेय

अमेरिकेत थंडीत जिलेटिनची पावडर गरम पाण्यात घालून पितात. 200 मिली उकळत्या पाण्याला दीड मोठा चमचा पावडर, लिंबू किंवा संत्र्याची चव, हवं तर आल्याची चकती. शाकाहारी पावडर असेल तर एकच चमचा घ्या आणि गरम आहे तोवर संपवा, कारण कप निवला की ते कपातच थरथरायला लागतं.

ताजी फळं

जिलेटिनच्या जेलीत कच्चा अननस, पपई, किवी किंवा ताजी अंजिरं घातली तर ती रात्रभर ठेवूनही सेट होणार नाही. या फळांतली विकरं प्रथिनं तोडतात आणि जिलेटिन प्रथिनच आहे. फळाचे तुकडे पाच मिनिटं उकळून घ्या, किंवा डब्यातला अननस वापरा. तो आधीच तापवलेला असतो. शाकाहारी जेलीला हा त्रास नाही. मात्र शेकमध्ये कच्चा अननस किंवा पपई टाकून ठेवली तर दूध कडू होतं, मग पावडर कुठलीही असो. अशी फळं पिण्याच्या क्षणीच घालावीत.

सरबत आणि बाटलीतली जेली झाकून फ्रीजमध्ये तीन दिवस टिकते, दुधाचा शेक त्याच दिवशी संपवावा. उघडलेलं पाकीट बरणीत घट्ट बंद करून कोरड्या जागी ठेवा. पावसाळ्यात पावडर ओलावा धरून दगड झाली तरी ती वाया जात नाही: खलबत्त्यात फोडा आणि मोजताना चमच्याने न मोजता वजन करून घ्या, कारण गड्ड्यांचा एक चमचा आणि सुट्या पावडरीचा एक चमचा यांचं वजन सारखं नसतं.