उडता बेडूक आणि अ‍ॅटलास पतंग: कुळागरात दोघांना कसं पाहाल

आमचं कुळागर, म्हणजे पोफळीची बाग, गोव्यात वाळपईच्या पुढे, सत्तरी तालुक्यात. मिरगानंतर पावसाने जोर धरला की पाहुणे मलबारचा उडता बेडूक आणि अ‍ॅटलास पतंग दोन्ही मागतात, तेही एकाच जागी. असा हट्ट धरू नका. एकाला काळोख हवा, दुसऱ्याला आपण दिव्याने बोलावतो.

आधी बेडूक. रात्री आठच्या सुमारास, पाऊस जरा उघडला की तळीपाशी टॉर्च बंद करून उभे राहा. ‘टर्रर्र, टिक टिक’ असा आवाज पाण्यातून नाही, डोक्यावरच्या फांदीवरून येतो. दिशा पक्की झाल्यावरच मंद उजेड टाका. अंग हिरवं, मादी दहा सेंटिमीटरपर्यंत, नर त्याहून लहान. ओळख पटते ती बोटांमधल्या केशरी-तांबड्या पडद्यांवरून, पण बसलेला असताना ते मिटलेले असतात, तेव्हा पायांकडे नीट बघा. सकाळी पुन्हा या. पाण्यावर झुकलेल्या पानांत पांढुरका फेस दिसेल. मादी मागच्या पायांनी घुसळून तो करते, अंडी त्यातच असतात आणि पिल्लं थेट खाली पाण्यात पडतात. म्हणून तळीवरच्या फांद्या पावसाळ्यात छाटू नयेत.

पतंगासाठी तळीपासून लांब, घरामागच्या भिंतीवर पांढरं धोतर टांगा आणि दिवा लावा. पंखांचा पसारा चोवीस सेंटिमीटरपर्यंत, टोकाला सापाच्या डोक्यासारखी नक्षी. मिशा रुंद, पिसांसारख्या असल्या तर नर. याला खायला तोंडच नाही. सुरवंट असताना दालचिनी-पेरूची पानं खाऊन जे साठवलं, त्यावर आठवडा-दोन आठवडे काढायचे. त्यामुळे दहा वाजता दिवा मालवा, उगाच त्याला झटापट करायला लावू नका.

तुलना वहीत करा, पण मापांची नको. बेडूक नाकापासून बुडापर्यंत मोजतात, पतंग पंखभर. ते आकडे शेजारी ठेवून काय मिळणार? रकाने हे ठेवा: उडणं आणि हाक. बेडूक पडदे पसरून नऊ-बारा मीटर तिरपा खाली तरंगतो, हवेत वर चढू शकत नाही. पतंग पंख मारतो. बेडकांत नर ओरडून बोलावतो. पतंगांत मादी गप्प बसून गंध सोडते आणि नर लांबून हुंगत येतो. मला विचाराल तर खरी गंमत इथेच आहे.

हाताला डासांचं मलम असेल तर बेडकाला बोट लावू नका, त्याची कातडी सगळं शोषते. आणि शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा. पावसाळी रात्री टॉर्च घेऊन फिरणारा माणूस ‘जंपिंग चिकन’साठीच, म्हणजे खायला बेडूक पकडायलाच आला असणार, असा संशय गोव्यात लगेच येतो. पिशवी तर मुळीच नेऊ नका.