जास्वंदीच्या फांदीला मुळं फुटवताना

नौपाड्यातल्या गॅलरीत मी जास्वंदीच्या फांद्या पावसाळ्यातच लावते. दमट हवेत त्या सुकत नाहीत. पेन्सिलीएवढी जाड, वीतभर फांदी डोळ्याच्या, म्हणजे पान फुटतं त्या गाठीच्या, जरा खाली तिरकी कापा. वरची दोन पानं ठेवा. शेंड्यात आणि कोवळ्या पानांत तयार होणारं ऑक्सिन हे वाढीचं संप्रेरक खाली उतरून कापलेल्या टोकाशी साठतं, मुळं तिथूनच फुटतात. रूटिंग पावडरीत बहुतेकदा आयबीए नावाचं रसायन असतं, तेही ऑक्सिनच. ओलं टोक पावडरीत टेकवा आणि झटका. जास्त लावली तर मुळं लांबतच नाहीत, खुंटतात. माझ्या पहिल्या चार काड्या अशाच गेल्या. शेजारच्या काकू नारळपाणी घालायला सांगतात. पण त्यात सायटोकायनिन नावाचं दुसरं संप्रेरक असतं, ते मुळांपेक्षा फुटव्याच्या बाजूचं. ते मी पिऊन टाकते! कोकोपीट-वाळूत खोचा, सावलीत ठेवा, आणि तीन आठवडे उपटून बघू नका.