मसलवर चालणारा गेम घरी कसा लावायचा (मणक्याला मार लागलेल्या पेशंटसाठी)

मी कोल्हापुरात घरोघरी जाऊन फिजिओ करतो आणि मणक्याला मार लागलेल्या पेशंटचं गाऱ्हाणं एकच असतं, मनगट वर कर खाली कर, किती दिवस तेच तेच. गेम लावला की तोच माणूस तेच मनगट मुकाट्यानं शे-दीडशे वेळा उचलतोय. दुखापत अर्धवट असेल, म्हणजे मेंदूचा निरोप थोडा तरी खाली पोचत असेल, तर स्नायू एवढा अशक्त असतो की हात हललेला दिसत नाही, पण आवळायचा प्रयत्न केला की मायक्रोव्होल्टमध्ये का होईना सिग्नल येतो, तो ईएमजी सेन्सर (स्नायूतला विजेचा सिग्नल वाचणारा) पकडतो आणि स्क्रीनवर काहीतरी उडी मारतं. सेन्सर फक्त वाचतो, अंगात करंट सोडत नाही, स्टिम्युलेशनचं मशीन वेगळं.

सामान म्हणजे मायोवेअरसारखा सेन्सर, ईसीजीच्या चिकटपट्ट्या (सर्जिकलच्या दुकानात मिळतात) आणि अर्डुइनो (सेन्सर आणि लॅपटॉपच्या मधला छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड), पण त्यातलं उनो मॉडेल घेऊ नका, लिओनार्डो घ्या, तो लॅपटॉपला थेट कीबोर्ड म्हणून चालतो, म्हणजे मसल आवळला की स्पेसबार दाबला गेला. घरातलं कोण इंजिनिअरिंगला असेल त्याच्याकडून जोडून घ्या. लॅपटॉप मात्र बॅटरीवरच चालवायचा, चार्जर काढायचा म्हणजे काढायचाच, एक तर सेफ्टी आणि दुसरं म्हणजे लाइटचा 50 हर्ट्झचा गोंगाट सिग्नलमध्ये घुसतोय.

मनगट उचलणाऱ्या स्नायूपासून सुरू करा, सी6 लेव्हलच्या (मानेतल्या सहाव्या पातळीवर मार लागलेल्या) पेशंटला पकड याच्यावरच मिळते. कोपराखाली हाताच्या मागच्या बाजूला स्नायूचा फुगीर भाग बघायचा, केस काढून स्पिरिटनं पुसायचं, नीट वाळू द्यायचं (पावसाळ्यात आपल्याकडं घामानं पट्टी टिकत नाही, फॅन लावा), दोन पट्ट्या स्नायूच्या लांबीत 2 सेंटीमीटरवर आणि तिसरी कोपराच्या हाडावर. पेनानं खूण करून ठेवा, जागा सरकली की आकडे बदलतात आणि लोकांना उगाच वाटतं ताकद गेली.

आता खरं काम, थ्रेशोल्ड, म्हणजे सिग्नल किती वर गेला की उडी मिळायची ती रेघ. आधी हात सैल सोडून सिग्नल किती आहे बघा, मग जमेल तेवढ्या जोरानं दोन-तीनदा आवळायला सांगा, मधे विश्रांती द्या, आणि या दोन्हीच्या मधे साधारण 20 ते 30 टक्क्यांवर उडीची रेघ लावा. रोज नव्यानं. दहात सातेक उड्या जमल्या पाहिजेत, सगळ्याच जमल्या तर रेघ वर घ्या, दोनच जमल्या तर खाली. आणि सैल सोडल्याशिवाय पुढची उडी मिळणार नाही असं सेट करा, ज्यांचा स्नायू ताठरतो त्यांना आवळण्यापेक्षा सोडणंच अवघड जातंय. क्रोमचा डायनासोर सगळ्यांना आठवतो, पण त्याचा वेग वाढत जातो, सुरुवातीला तो नकोच, हळू चालणारा गेम बघा.

बघत राहायचं खांद्याकडं. खांदा उचलून, श्वास रोखून गुण मिळवणारे लई जण आहेत. खोकल्यावर कॅरेक्टर उडालं तर ती स्पॅझम (स्नायू आपोआप आखडणं), तो गुण धरायचा नाही. पेठेतल्या फुटबॉलसारखी ईर्षा लावू नका, भाच्याला हरवायच्या नादात माणूस दमून जातो आणि सिग्नल ढेपाळतो, दहा-पंधरा मिनिटं बास.

खुर्चीत बसून खेळणाऱ्यानं मधेच अंगाचा भार बदलायचा, गेमच्या नादात बसूनच राहिलं की बेडसोर. टी6 (पाठीच्या छातीमागच्या भागातला सहावा मणका) किंवा त्याच्या वर मार असेल आणि अचानक डोकं ठणकायला लागलं, तोंडावर घाम आला, तर गेम तिथंच बंद, ताठ बसवा, कपडे-बेल्ट सैल करा, कॅथेटरची नळी मुडपलीय का बघा, त्रास उतरला नाही तर थेट हॉस्पिटल. खेळून झाल्यावर पट्टीखालची कातडी बघा, तिथं संवेदना नसेल तर लाल झालेलं त्याला कळणार नाही.

पूर्ण दुखापत असेल आणि खालच्या स्नायूत सिग्नलच नसेल तर गेमनं तो येईल असं कबूल करू नका, वरचे चालणारे स्नायू घ्या. एका स्नायूवर हात बसला की दुसरं चॅनल (दुसऱ्या स्नायूवर आणखी एक सेन्सर) लावा आणि गाडीचा गेम घ्या, बायसेप्सनं डावीकडं आणि ट्रायसेप्सनं उजवीकडं, दोन्ही एकदम आवळले तर गाडी जागेवरच थांबते.