आयात-निर्यातीची आकडेवारी लावताना या चुका टाळा

आयात-निर्यातीचा प्रत्येक माल एचएस (हार्मोनाइज्ड सिस्टीम) या जागतिक वर्गीकरणातल्या अंकी कोडखाली नोंदला जातो. मोटारीचा सुटा भाग म्हणजे ८७०८, हे पुण्याच्या चाकण-भोसरीत कुणालाही झोपेतून उठवून विचारा, बिनचूक सांगेल. नेमकी तिथेच पुण्याच्या वाहन-उद्योगाची निर्यात मोजणाऱ्याची पहिली फसगत होते. हेडिंगवर, म्हणजे या ४ अंकी कोडवर, ‘मोटारींचे भाग’ असं लिहिलंय, म्हणून सगळे भाग त्यात असतील असं तो धरून चालतो. पण वर्गीकरणाचा पहिलाच नियम सांगतो की चॅप्टरची (कोडचे पहिले दोन अंक) आणि सेक्शनची (चॅप्टरचा गट) नावं केवळ सोयीसाठी असतात. कोड ठरतो हेडिंगच्या शब्दांवर आणि सेक्शन-चॅप्टरच्या टिपांवर. वाहनांच्या सतराव्या सेक्शनच्या दुसऱ्या टिपेने तर निम्मं गॅरेज बाहेर काढलंय. लोखंडी नट-बोल्ट ७३१८ मध्ये, पिस्टन ८४०९ मध्ये, ऑइल फिल्टर ८४२१ मध्ये, वायरिंग हार्नेस ८५४४ मध्ये. रेडिएटर मात्र ८७०८ मध्येच राहतो. टायर आणखी वेगळे, ४०११ मध्ये. त्यामुळे ‘सुटे भाग’ म्हणून फक्त ८७०८ घेतलात, तर आकडा खूपच कमी येणार. आधी कोडची यादी पक्की करा आणि ती अहवालात छापा. यादी न देता नुसती बेरीज देणारे अहवाल मी तरी बाजूला ठेवतो.

दुसरी खोड जीएसटीच्या बिलांतून येते. ५ कोटींपर्यंत उलाढाल असलेल्याला बिलावर ४ अंकी एचएसएन (जीएसटीत याच कोडचं नाव) चालतो, त्यापुढच्याला ६ अंकी. शिपिंग बिलावर, म्हणजे निर्यातीसाठी कस्टमला द्यायच्या कागदावर, मात्र ८ अंक लागतात. मग कुणीतरी देशांतर्गत बिलावरचा ८७०८ उचलतो, पुढे चार शून्यं लावतो आणि ८७०८०००० तयार करतो. असा कोड यादीत नाहीच! शून्यं लावून माहिती वाढत नाही. शिपिंग बिलावरचा कोड मिळत नसेल तर ४ अंकांवरच थांबा.

एक्सेलचा घोळ तर रोजचाच. ताज्या द्राक्षांचा कोड ०८०६१०००. फाइल उघडताना सुरुवातीचं शून्य गळलं की तो ८०६१००० होतो, आणि पहिल्या दोन अंकांवरून चॅप्टर काढलात तर द्राक्षं कथिलात जमा. कांद्याचा ०७०३ असाच काचेच्या चॅप्टरमध्ये जाऊन पडतो. कोडचा कॉलम फाइल आत घेतानाच ‘टेक्स्ट’ ठेवा. तसंच २, ४ आणि ६ अंकी ओळी एकाच तक्त्यात असतील तर सगळ्यांची बेरीज करू नका, तोच माल तीनदा मोजला जातो.

जास्त महाग पडते ती आवृत्तीची चूक. एचएस ही पद्धत १९८८ पासून लागू आहे आणि दर काही वर्षांनी बदलते. २०२२ च्या आवृत्तीत स्मार्टफोनला ८५१७१३ हा स्वतंत्र कोड मिळाला. त्याआधी ते इतर मोबाइलसोबत ८५१७१२ मध्ये होते. जुन्या कोडवर दहा वर्षांचा आलेख काढलात तर मोबाइलचा व्यापार २०२२ मध्ये एकदम बुडालेला दिसेल. अशा ठिकाणी दोन्ही आवृत्त्यांचे कोड जोडणारा तक्ता वापरा. एका कोडचे दोन झाले असतील तर मागच्या वर्षांसाठी ते वेगळे करण्याच्या फंदात पडू नका, नव्या वर्षांचेच एकत्र करा. तेवढं पुरतं.

दोन देशांचे आकडे जुळत नाहीत म्हणून लगेच बनावट बिलांचा संशय घेणारेही पुष्कळ. आधी साध्या गोष्टी तपासा. आपली निर्यात एफओबी किमतीवर, म्हणजे माल जहाजावर चढेपर्यंतच्या किमतीवर नोंदली जाते, तर समोरचा देश आयात बहुधा सीआयएफवर, म्हणजे भाडं आणि विमा धरून नोंदतो. आपलं वर्ष एप्रिल ते मार्च, त्यांचं बहुधा जानेवारी ते डिसेंबर. तेव्हा महिन्यांचे आकडे घेऊन स्वतः जुळवा. शिवाय रॉटरडॅमला उतरलेली आपली द्राक्षं तिथून जर्मनीला गेली, तरी आपल्याकडे बहुधा नेदरलँड्सच्या नावावर दिसतात. जर्मनी मात्र तीच आयात भारताची म्हणून दाखवू शकते.

पुण्याचा आकडा बंदरावरून काढू नका. इथला बराच माल न्हावा शेवाहून जातो आणि तिथल्या बेरजेत साऱ्या देशाचा माल मिसळलेला असतो. शिपिंग बिलावर मालाचं मूळ राज्य आणि जिल्हा भरावा लागतो, तो घ्या. तोही डोळे झाकून नको. दुसऱ्याच्या कारखान्यातला माल घेऊन निर्यात करणाऱ्या व्यापाऱ्याने कारखान्याऐवजी स्वतःच्या कार्यालयाचा जिल्हा लिहिला असेल, तर भोसरीचा माल मुंबईचा होतो.

आणि हिंजवडीचं सॉफ्टवेअर यात शोधत बसू नका. ८५२३ मध्ये दिसते ती डिस्क किंवा पेनड्राइव्ह अशा वस्तूंची नोंद. तारेवरून जाणारी सेवा कस्टमच्या कागदावर येतच नाही, तिचे आकडे रिझर्व्ह बँकेच्या सेवा-व्यापाराच्या तक्त्यांत पाहा.